ओट्यावरून गोकुळला कुणी उठवू नये

मी, बानाबाई भ्र. कै. सांडू गोरे, वय अडुसष्ट, धंदा खानावळ (आता बंद), राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, माझ्यामागं भांडणं नकोत म्हणून पूर्ण शुद्धीत, राजीखुशीनं नि कुणाच्या दाबाखाली न येता हे लिहून ठेवते. दाबाखाली मी उभ्या जन्मात आले नाही. माझ्याकडं जेवलेल्या कुणालाही विचारावं.

१. मुकुंदवाडीचं दोन खोल्यांचं घर नि पुढचा ओटा माझ्या कमाईचा, भाकरी थापून बांधलेला. माझ्यामागं या घरात गोकुळ पि. नानासाहेब बोडखे, पाट्या रंगवणारा, मूळ राहणार लासूर स्टेशन, हा मरेपर्यंत राहील. त्याच्यानंतर घर माझा भाचा रामेश्वर याचं. रामेश्वर दिवाळीत म्हणाला, "आत्या, तुमच्यामागं काकांना लासूरला पोचवून देऊ." बाबा रे, तो काय पार्सल आहे? त्याला एक दिवस जरी बाहेर काढलंस, तर घर थेट तुझ्या लेकीला, ज्ञानेश्वरीला जाईल.

२. वकिलांनी विचारलं, "गोकुळरावांशी नातं काय लिहू?" लिहा, शेतमालकाचा पोरगा. ज्वारी निघाली की आमचे वडील दरसाल नानासाहेबांच्या रानात मेंढ्या बसवायचे. त्यांना खत, आम्हाला दाणे. एका साली मेंढ्यांना खुणेचा रंग लावायचं काम गोकुळनं मागून घेतलं नि एकेकीच्या पाठीवर एकेक चित्र काढलं. कुठं पोरगी, कुठं पोरगा, कुठं विहीर, कुठं आगगाडी. मेंढ्या काही रांगेत उभ्या राहत नाहीत, त्यामुळं गोष्ट रोज निराळी व्हायची. कधी पोरगी पोराला चिकटून, तर कधी दोघांच्या मधी आगगाडी. उठल्याबरोबर मी आधी तेच बघायची. वडलांनी विचारलं, "ही पोरगी कुणाची गं?" मी म्हणाले, "मेंढीची." लई मार खाल्ला. त्याच उन्हाळ्यात मला सोयगावला दिलं.

३. सांडू भला माणूस होता, त्याच्याबद्दल वावगा शब्द नाही. त्याच्या भावांना मात्र माझ्याकडून काही नाही. सांडूच्या तेराव्याला त्यांनी माझं गाठोडं दाराबाहेर ठेवलं. ते त्यांना आठवत नसेल, मला आठवतं. कलम एक त्याच्यामुळंच लिहिलंय.

४. मोठा तवा, परात नि पातेली शेजारची करुणा नेईल. काळी घोंगडी गोकुळची. मला दिलं त्याच्या आधी त्याच रंगवलेल्या मेंढ्या कातरल्या होत्या, त्या लोकरीची ती आहे. रंग धुण्यात गेला. तरी त्याची गोष्ट मी सोयगावात सगळा संसार होईस्तोवर पांघरली.

५. शहरात मी खानावळ काढली, तेव्हा पाटी रंगवायला हाच आला. बायको वारून वर्ष झालेलं. भाकर खाल्ली नि म्हणाला, "बाने, मेंढ्या कुठंयत?" तेव्हापासून इथंच आहे. लग्न केलं नाही. तो म्हणे, लोक हसतील. मी म्हणाले, लोक तसंही हसतायत, मग खर्च कशाला?

६. मेंढ्यांवरची गोष्ट त्यानं आता कागदावर काढलीय. बोलणं फार नाही, नुसती चित्रं. ज्ञानेश्वरी त्याला कॉमिक म्हणते, ते तिला द्यावं. पानं मी दाभणानं शिवलीत. यावेळी पुढची मागं व्हायला नकोत.

शेवटच्या पानावर मी म्हातारी, एकटीच ओट्यावर बसलेय. मी विचारलं, "तू कुठं रे?"

"मी आधी जाणार."

"व्हय, शहाणाच लई!"

दिवाळीनंतर डॉक्टरांनी उलटं सांगितलं. मी म्हणाले, आता हे खोटं झालं, बदल. तो म्हणाला, "नाय बदलत. गोष्ट माझी हाय." मी त्याच्याशी तीन दिवस अबोला धरला. मला त्याच्या आधी जायचं नाही, पण ते माझ्या हातात नाही.

तर आता मीच लिहून ठेवते. ते पान कुणी बदलू नये. तिथं मी बसलेय, बसू द्यावं. नि खऱ्या ओट्यावरून गोकुळला कुणी उठवू नये.

गोकुळची सही खाली नाही. वकील म्हणाले, ज्याला मिळतं त्यानं साक्ष देऊ नये. तो बाहेर ओट्यावर बसलाय.

सही: बानाबाई भ्र. सांडू गोरे

साक्षीदार:
१. सर्जेराव, पिठाची गिरणी, मुकुंदवाडी
२. योगिनी, समोरच्या घरातली

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ जानेवारी २०२६