उघड आहे की मी शिकवू शकतो

सोमवार, ५ ऑगस्ट
विभागप्रमुख बाईंनी विचारलं, यंदा मुलांचे प्रोजेक्ट रिपोर्ट कॉम्प्युटरवर नीट टाइपसेट करून हवेत, वर्ग कोण घेईल? सगळे प्राध्यापक छताकडे बघू लागले. मी हात वर केला. पंचवीस वर्षं मुलांची अगम्य उत्तरं वाचतोय, गणित कसं लिहावं हे मी नाही तर कोण सांगणार? सॉफ्टवेअर येत नाही. दोन संध्याकाळी पुरे.

शनिवार, १० ऑगस्ट
सहावी संध्याकाळ. एक समीकरण टाइप केलं, एकशे चार चुका आल्या. सॉफ्टवेअर बिघडलेलं आहे. हिने मागून बघून विचारलं, हा महिरपी कंस उघडलाय, तो बंद कुठे केलाय? ही बँकेत असते, गणिताशी संबंध नाही. तिच्या समाधानासाठी कंस बंद केला. चुका शून्य. योगायोग.

बुधवार, १४ ऑगस्ट
पहिला वर्ग. झकास! सांगितलं, गणित म्हणजेही वाक्यंच. चिन्ह वापरण्याआधी त्याची ओळख करून द्या. 'उघड आहे' असं लिहून पळ काढू नका. मुलं भारावून गेली. एका चष्मेवाल्या मुलीने विचारलं, सर, फळ्यावरचा एन म्हणजे काय? ओळख करून द्यायची राहिली होती. मुद्दाम, मुलांची परीक्षा घ्यायला.

सोमवार, २६ ऑगस्ट
नमुना म्हणून माझी आवडती सिद्धता टाइप करून वाटली. सात पानं, एकही कंस उघडा नाही. स्वतःचाच हेवा वाटला.

मंगळवार, २७ ऑगस्ट
चष्मेवाली पान चार घेऊन आली. तिथे 'उघड आहे' असं लिहिलंय. कसं, म्हणे. उद्या सांगतो म्हटलं. आज घाईत होतो.

सोमवार, २ सप्टेंबर
आज तिने विचारलं, एन बरोबर दोन घेतलं तर? घेतलं. घ्यायला नको होतं. पंचवीस वर्षं शिकवलेली ती 'उघड आहे'ची ओळ खोटी निघाली. हाताने लिहिताना कधी दिसलं नाही, अक्षरच तसं आहे माझं. जेवण गेलं नाही. ही म्हणाली, वर्गात सरळ सांगून टाका. ठरवलं: आजारी पडायचं.

मंगळवार, ३ सप्टेंबर
ताप येईना. वर्गात सांगून टाकलं. मुलं टाळ्या वाजवू लागली! चष्मेवालीने फळ्यावर एक अट वाढवली आणि सिद्धता उभी राहिली. सगळ्यांनी मिळून ती पुन्हा लिहिली. इतका छान तास मी कधी घेतला नव्हता. म्हणजे, घेतला तिनेच. पण खडू मी दिला.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
सगळे रिपोर्ट देखणे झाले. बाई खूश. पुढच्या सत्रातही वर्ग घ्यायचं ठरलं. मी नम्रपणे मान झुकवली. बाई म्हणाल्या, तुम्ही नाही हो, ती चष्मेवाली घेईल. तुम्हीही बसा, उपयोग होईल. मी बसणार आहे, अर्थात देखरेखीसाठी. माझा एक नवा लेख चष्मेवालीला नुसता नजरेखालून घालायला दिला होता. परत आला. खाली लिहिलंय: 'प्रगती आहे. सोमवारपर्यंत पुन्हा लिहून आणा, सर.'