नव्या पाटीवरचा शनिवार

७ जानेवारी

ती. दादास,
शालोम आणि सप्रेम नमस्कार वि. वि.

चार महिने पत्र नाही, त्याची आधी माफी मागते. कामाचं कारण देणार होते, पण ते अर्धंच खरं. आपल्या दीडशे वर्षांच्या सिनेगॉगला नवी ओळख द्यायचं काम समितीने मला दिलं आणि तू तिथला असून मी तुला एका शब्दाने विचारलं नाही. तू हसशील अशी भीती होती.

आता सगळं झालंय. बोधचिन्हात सात वातींचा दिवा घेतला नाही, तो सगळेच घेतात. दारावरच्या लोखंडी जाळीतली कमान घेतली. रंग गडद निळा. चिटणीसकाका म्हणाले, पाहुणे वाढले तर निदान गळकं छप्पर तरी दुरुस्त होईल. फाटकावर नवी पाटी लागली आहे, तिच्यावरच्या वेळाही मीच मांडल्या.

पुढच्या शनिवारी बाबांना जाऊन वर्ष होईल. मला येणं जमत नाही. दहा पुरुष जमतील ना? त्याशिवाय त्यांच्यासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणता येणार नाही, आणि बाबांनी आपल्याकडे मागितलं ते तेवढंच. वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी पेन्सिल

१९ जानेवारी

चि. पेन्सिल हिस,
अनेक आशीर्वाद.

पाटी देखणी आहे. मी हसलो नाही. तुझी वहिनी म्हणाली, नवरा बघायला आला तेव्हा इतका नीटनेटका नव्हता.

कद्दीश झाली नाही.

आम्ही नऊ होतो. दहावा म्हणजे बोटीवरचा एक निवृत्त इंजिनिअर, आपल्याच समाजातला, इथे लॉजवर उतरलेला. येतो म्हणून त्याने मला फोनवर सांगितलं होतं. दुपारपर्यंत वाट पाहिली. शिंपीकाकांना कंबरेने बसवत नव्हतं, तरी उठेनात. मी उठलो तर आठच राहाल, म्हणाले.

काल तो इंजिनिअर घरी आला. म्हणाला, मी वेळेवर आलो होतो. फाटक लोटलेलं आणि पाटीवर ‘शनिवारी बंद’. वाटलं, इथली प्रार्थना थांबली असावी. म्हणून परत गेलो.

सगळं तुझ्यावर ढकलत नाही. त्या पाटीसमोरून मी रोज जातो. नुसती पाहिली, वाचली नाही. तब्येत सांभाळ, आणि इकडची ओढ ठेव.

तुझा दादा

२५ जानेवारी

ती. दादास,
शालोम आणि स. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून तीन दिवस हे पत्र लिहून फाडते आहे.

शब्बाथच्या शनिवारी पाहुण्यांनी फोटो काढत हिंडू नये म्हणून ती ओळ मीच सुचवली, आणि स्वतःवर खूशही झाले. ‘पाहुण्यांसाठी बंद’ असं लिहायला हवं होतं. पण पाटी वाचणारा पाहुणाच असणार, हे मी धरूनच चालले होते. प्रार्थनेला कुणी नवा माणूस येईल हे माझ्या मनातही आलं नाही. मी तीनदा आले, तिन्ही वेळा आठवड्याच्या मधल्या वारी. बाक रिकामे असायचे, फोटो छान यायचे.

आज दुरुस्तीची ओळ लिहायला बसले. ‘शनिवारी प्रार्थना’ लिहिलं आणि पुढे हात थांबला. किती वाजता, ते मला ठाऊक नाही. लहानपणी बाबा उठवायचे आणि आपण निघायचो. घड्याळ मी कधी पाहिलंच नाही.

रागावलास तरी लिहीत राहा.

तुझी पेन्सिल

(वहीतली नोंद, २५ जानेवारी) उद्या: दादाला फोन करून प्रार्थनेची वेळ विचारणे.