राखणदाराची कपची

देवबाग, मंगळवार, दिवेलागण झाल्यावर

बाबा होडी घेऊन दर्यात आहेत. तिथे फोन कधीच लागत नाही, तरी आई आज सारखा लावतेय. माझ्यामुळेच.

कणकवलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडे मी उत्तर ध्रुवाकडच्या दगडफुलांच्या जुन्या पुड्या उघडतो आणि लेबलांवरची गावं कॉम्प्युटरवर टाकतो. ते दगडफूल खरवडून निघत नाही, म्हणून पुडीत दगडाची कपचीही असते. मॅडम म्हणाल्या, आपल्याकडचंही एखादं आण. सकाळी माडाखालच्या दगडाची कपची काढून देऊन आलो. दगड राखणदाराचा, म्हणजे आमची जागा आणि घरची माणसं राखणाऱ्या देवाचा, हे माहीत होतं. पण त्यावरचं दगडफूल इतकं सुंदर, की तेवढंच दिसलं.

आईला आत्ता सांगितलं.

"बापूस दर्यात आसा आणि तू राखणदाराक हातोडी मारतस? कॉलेजात मसालो करतत काय त्येचो?"

"उद्या परत आणतंय गो."

"आणून काय? डिंकान चिकटवतलस?"

त्या बर्फातल्या कपच्याही कुणाच्या तरी दगडाच्या असतील का? लेबलावर गाव असतं, दगड कुणाचा ते नसतं.

मग आईने दिवा लावून गाऱ्हाणं घातलं. "पोराक अक्कल नाय, तेका माफ कर. तेच्या बापाशीक सुखरूप घराक आण."

गाऱ्हाण्याला कुणीतरी 'व्हय महाराजा' म्हणावं लागतं. एरवी मला हसू येतं. आज घरात म्हणायला मी एकटाच होतो. म्हणालो. हळू झालं, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणालो.