वर्गाचा "होऽऽ"

कर्जत. कार्तिक वद्य, मंगळवार, सन १९२६.

काल जेवताना हिला म्हटलं, "भाताला पाणी कमी घालत जा, कळलं?" ही म्हणाली, "होऽऽ." अगदी माझ्या वर्गाच्या सुरात! असा संतापलो! पण सकाळी शाळेत गेलो तरी तो सूर कानातून जाईना.

म्हणून भूगोलाच्या तासाला मुद्दाम म्हटलं, "आपली उल्हास नदी खाडीत उगम पावते आणि चढत चढत घाटावर जाते. कळलं?"

"होऽऽ!"

रोज त्याच नदीत डुंबणारी ही कार्टी! मी ओरडलो, "गाढवांनो, नदी चढते का? मग हो कशाला म्हणालात?"

मागच्या रांगेतली सोनी म्हणाली, "गुर्जी, नाय म्हटलं की तुमी परत पयल्यापासून सांगता."

म्हणजे तो "हो" नव्हताच. "आता पुरे करा" होतं ते! आणि मी इतकी वर्षं त्यावर खूश. दिपोटीसाहेबही तोच ऐकून शाळा तपासून जातात.

खडू सोनीच्या हातात दिला. "तूच काढ नदी." तिने काढली वाकडीतिकडी, पण घाटातून खाली येणारी. मग पोरांचा असा गलका झाला की शेजारचे मास्तर डोकावून गेले. मी मात्र तोंड मिटून बसलो. फार जड गेलं.

घरी आल्या आल्या हिला सगळं सांगितलं. म्हटलं, "उद्यापासून मुलांनाच बोलतं करायचं. आपण कमी बोलायचं. कळलं?"

विळीवरून मान वर न करता ही म्हणाली, "होऽऽ."