केबिन सोडताना

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण केबिनचं दार उघडलं की अजून पहिल्यांदा तुम्हीच डोळ्यांसमोर येता. सरकारी कचेरीत साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसून तुम्ही नोकरी काढलीत. घंटी वाजली की उठायचं, साहेब आले की उठायचं, गेले की उठायचं. मी शिरोलीच्या कारखान्यात पंपांचं डिझाईन करायला लागले आणि पुढं त्या विभागाची प्रमुख झाले, तेव्हा तुम्ही गल्लीच्या तोंडाला माझ्या फोटोचा एवढा मोठा डिजिटल बोर्ड लावलात की आईला भाजीला जायची चोरी झाली.

मग एकदा तुम्ही केबिन बघायला येता. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. मी तुमच्यासाठी बाहेरून खुर्ची उचलून आणते, तर दारातच दटावता, "ठेव ती खाली. सायबानं खुर्ची उचलायची न्हाय. माणसं काय म्हणतील?" आणि शेवटपर्यंत बसत नाही. मी बसलेली, तुम्ही उभे, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला कुठं बघावं कळेना.

परवा काय झालं सांगते. आमचे पंप हॉलंडला जातात. तिथल्या कंपनीत माझ्याच हुद्द्याची एक बाई आहे, दर आठवड्याला व्हिडिओवर बोलणं होतं. ती प्रमुखपदावरून उतरून परत साधी डिझायनर झाली असं कळलं. आपल्याकडं असं कुणाचं झालं की काहीतरी भानगड असणार, नाहीतर वरच्याशी वाकडं. मी फोन लावला आणि मयताच्या घरी बोलतात तसल्या आवाजात म्हटलं, "धीर धर, हेही दिवस जातील." तर ती हसायलाच लागली. म्हणाली, मीच मागून घेतलं, दिवसभर नुसत्या बैठका, ड्रॉइंग काढायलाच मिळत नव्हतं. ऑफिसातल्यांनी म्हणे केक आणला. कालपर्यंत तिच्या हाताखाली असलेला माणूस आता तिला काम सांगतो आणि दोघं शेजारी बसून जेवतात. आबा, मी तोंडात बोट घालून बसले. खाली उतरल्याबद्दलही अभिनंदन करणारी माणसं या जगात आहेत, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मी म्हटलं, आमच्याकडं हे चालायचं नाही. तिनं विचारलं, का? मी तुमचं स्टूल सांगितलं, बोर्ड सांगितला. ती म्हणाली, "मग त्यांचं स्वतःचं यश कोणतं?" मी म्हटलं, "मी." ती हळूच म्हणाली, "असं आमच्याकडं कुणी करत नाही." जन्मभर उभं राहिलेला माणूस आपलं सगळं यश लेकीच्या खुर्चीत ठेवतो, आणि स्वतः त्या खोलीत बसतसुद्धा नाही. केवढं हे, आणि मी ते इतकी वर्षं साधं समजत होते.

म्हणूनच जड जातंय. आबा, मी केबिन सोडतेय. कुणी काढलेलं नाही, माझं काही चुकलेलं नाही. ड्रॉइंगसाठी हात शिवशिवतात, एवढंच. नवरा म्हणाला, "लोकं इचारतील की." विचारू देत. सोमवारपासून बाहेरच्या टेबलावर, बाकीच्यांच्यात बसणार. हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? कपाटात ठेवते. एक मात्र कबूल करते. तुम्ही असता, तर माझ्या हातून हे झालं नसतं.