अडुसष्ट खुर्च्या

मंगळवार, १२ नोव्हेंबर

मिळालं! थिएटर मिळालं! सगळ्यांत छोटा पडदा, अडुसष्ट खुर्च्या, दुपारी बाराचा एकच शो. शुक्रवार ते रविवार. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तीन दिवस हॉल भरून दाखवा, दुसरा आठवडा तुमचा. नाहीतर सोमवारी उतरवणार." सात वर्षं लागली सिनेमा करायला, आणि फैसला तीन दिवसांत!

लगेच बाबांना फोन. तीस वर्षं थिएटरात प्रोजेक्टर चालवलेला माणूस. माझा सिनेमा लॅपटॉपवर बघायला साफ नकार — "पडद्यावर लागला तर सिनेमा, नाहीतर घरचा व्हिडिओ." मी म्हटलं, शुक्रवारी गाडी पाठवते, पास ठेवते. तर म्हणे, "पासबिस नको. खिडकीवर तिकीट काढून बघेन, माझ्या सवडीनं." हट्टी म्हातारा! पण येणार आहेत. बाकी कुणी नाही पाहिला तरी चालेल, बाबांनी बघायलाच हवा.

बुधवार, १३

बुकिंग उघडलं. चार जागा गेल्या. चार! त्यातली एक माझ्या दाताच्या डॉक्टरची.

गुरुवार, १४

आमचा संकलक घरी आला. माझ्याहून घाबरट, पण डोकं चालतं. म्हणाला, "आपलीच माणसं बुक करतील. तिन्ही दिवस. ॲपवर सगळ्या खुर्च्या लाल दिसल्या की झालं." कॅमेरामन, ध्वनीवाली, नणंद, नणंदेचं ऑफिस, मावशीचा व्यायामाचा ग्रुप — सगळ्यांच्या हात धुऊन मागे लागलो. संध्याकाळपर्यंत तिन्ही शो फुल्ल! मी घरभर नाचले. नवरा म्हणाला, "अगं, पण हे सगळे येणार आहेत ना?" नाट लावायची सवयच आहे याला.

शुक्रवार, १५

अकरा जण आले. अडुसष्टात अकरा.

बाकीच्यांचे मेसेज. "तिकीट काढलंय हं, पण यायला नाही जमणार." "आम्ही पाहिलाय की, तूच लिंक पाठवली होतीस." खरंच की! सगळ्यांना मीच दाखवलाय, लॅपटॉपवर. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

शोआधी बाहेर दोन मुली पोस्टर वाचत होत्या. एकीनं फोन बघितला. "फुल्ल आहे गं," म्हणाली, आणि दोघी शेजारच्या पडद्याकडे गेल्या. हाक मारावीशी वाटली. पण मॅनेजर दोन पावलांवर होता.

शनिवार, १६

नऊ जण. उद्याची तिकिटं परत करूया म्हटलं, खऱ्या प्रेक्षकांना जागा तरी मिळेल. संकलक भडकला — "आकडा पडला की सोमवारी बाहेर!" ठेवली तर हॉल रिकामा, सोडली तर सिनेमा जातो. स्वतःच्या हातानं कडी लावून आत बसलेय मी.

बाबा आले नाहीत. विचारणार नाही.

रविवार, १७

मध्यंतरात मॅनेजरनं दार किलकिलं करून आत बघितलं. मग मला बाजूला घेतलं. "मॅडम, हॉल फुल्ल आणि पॉपकॉर्नचे तीन डबे? आमचं पोट पॉपकॉर्नवर चालतं. मला माणसं हवी होती हो." ओरडला असता तर बरं झालं असतं. तोच खजील दिसत होता. उतरवला सिनेमा.

बाबा आजही नाहीत. रुसलेत? की मुळात बघायचाच नव्हता? खूप राग आलाय त्यांचा. रडले. बाथरूमचा नळ सोडून, भरपूर.

सोमवार, १८

पोस्टर काढून आणलं. कपाटामागे टाकलं.

मंगळवार, १९

आईचा फोन. हसत होती. बाबा शनिवारी गेले होते — इस्त्रीचा शर्ट घालून, दोन बस बदलून, एकटेच. बारा वाजून गेले होते. खिडकीवरचा म्हणाला, एकही जागा नाही. रविवारी पुन्हा गेले. पुन्हा तेच. "पण चेहरा बघायला हवा होतास त्यांचा! बिल्डिंगभर सांगत सुटलेत — पोरीच्या सिनेमाला बापालाच तिकीट मिळेना!"

मग बाबांनी फोन घेतला. "गर्दी जरा ओसरू दे," म्हणाले. "पुढच्या आठवड्यात येतो."

मी म्हटलं, "या."