जुन्याच खिळ्यांवर

९ जानेवारी

डाग पुन्हा वर आले! काल सुट्टी मोडून पॅसेजच्या भिंतीला एक हात रंग दिला, कंबरेचा काटा ढिला झाला, आणि सकाळी बघते तर सगळे चौकोन जागच्या जागी. फिकट, कडा अगदी रेखीव. मधला सगळ्यात मोठा.

याची पहिली बायको वारली, तिचे फोटो होते तिथे. आमच्या लग्नाच्या आधी याने सगळे उतरवले. "तुला अवघड वाटायला नको," म्हणाला होता. मी काही मागितलं नव्हतं. फोटो गेले, खिळे आणि डाग राहिले. तिचा चेहरा मी धड पाहिलेला नाही, पण तिच्या जागा मला पाठ आहेत.

"अजून एक डबा आणू का रंगाचा?" विचारलं तर म्हणाला, "राहू दे गं. कोण बघतंय?"

मी बघते ना! स्वयंपाकघरातून खोलीत, खोलीतून स्वयंपाकघरात — दिवसभर मीच तर बघते.

११ जानेवारी

धाकट्या बहिणीशी फोनवर रडगाणं गाऊन झालं. तिचं उत्तर तयार! "भिंतच भरून टाक. एकीला एक लागून चौकटी लाव, हल्ली सगळे लावतात." म्हटलं, त्याला पैसे कुठून आणू? "भंगारातून आण चौकटी. आणि इतकी वर्षं चित्रं काढून ट्रंकेत ठेवलीस, त्यांचं काय लोणचं घालायचंय?"

बोलते तिरकं, पण बोलते बरोबर.

१७ जानेवारी

भंगारवाल्याकडे ढिगात हात घालून घालून चौकटी मिळाल्या. एक सोनेरी, एक गुलाबी (शी!), दोन लाकडी, बाकी कशाच्याही. दुकानदार म्हणाला, "ताई, काचा फुटक्या आहेत म्हणून एवढ्यात देतोय." मला चौकटीच हव्या होत्या. घरी आणून सगळ्यांना उरलेला काळा रंग फासला. आता सख्ख्या बहिणी वाटतात.

पाठीमागच्या पुठ्ठ्याचा प्रश्न नाही. छापखान्यात मी प्रुफं तपासते त्या टेबलाखालीच कापून उरलेल्या पुठ्ठ्यांचा ढीग असतो. मालक म्हणाले, "न्या बाई, तेवढीच जागा मोकळी होईल."

२० जानेवारी

वर्तमानपत्रं चौकटींच्या मापाची कापली आणि टेपने भिंतीवर डकवली. खिळा ठोकायच्या आधी असं करून बघायचं असतं, म्हणजे चुकलं तर कागदच चुकतो. माझी रचना वेगळी होती — जिन्यासारखी चढत जाणारी. तिच्या चौकोनांशी काही संबंध नाही असली.

सासूबाईंना आता फक्त उजेड आणि सावली कळते. बाथरूमकडे जाताना त्यांचा हात कागदाला लागला. "अगंबाई! भिंतीला पानं फुटली की काय?"

खूप हसलो दोघी. त्यांच्या बोटांवर बारीक ओरखडे दिसले. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, म्हातारीचं कातडं."

२१ जानेवारी

खिळे वाकतात! भिंत आहे की पहाड? सिमेंटचे टवके उडाले, अंगठा ठेचला, खिळा एक गेला नाही. ड्रिलवाला बोलवायचा तर सगळ्या चौकटींहून जास्त मागतो.

नवरा शांतपणे म्हणाला, "जुने खिळे आहेत ना. पक्के आहेत."

मी हातोडी खाली ठेवली. कागद सगळे उपटले. जिना गेला खड्ड्यात! माझी चित्रं तिच्या खिळ्यांवर, तिच्या जागांवर, तिच्या उंचीवर लागणार. ती माझ्याहून उंच असावी — वरच्या ओळीला मला स्टूल लागतं.

२५ जानेवारी

दोघं काचा कापून आणायला गेलो. फ्रेमवाल्याने विचारलं, भिंतीपलीकडे काय आहे? म्हटलं, बाथरूम. "मग ओल येणार. चित्र काचेला टेकू देऊ नका. कडेने पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या घाला मध्ये, नाहीतर रंग काचेला चिकटेल." हो हो म्हटलं. एवढ्या पट्ट्या कोण कापत बसणार! चिकटतील तेव्हा बघू.

परत येताना नवरा म्हणाला, "तू चित्रं बसव. मागचा पुठ्ठा, टाचण्या, टेप — ती बाजू मी करतो."

मला इतकं बरं वाटलं! दीड वर्षात या घरातलं एक काम आम्ही दोघांनी मिळून केलेलं नाही. स्वयंपाक माझा, बँक त्याची, सासूबाई वाटून घेतलेल्या.

१ फेब्रुवारी

काल मला छापखान्यात जादा काम होतं. घरी आले तर भिंत तयार! सगळ्या चौकटी लागलेल्या. एक उलटून पाहिली, मागून टेप कशी, एकही सुरकुती नाही.

आईने भरलेला रुमाल. वाळलेल्या पानांची दोन. जुन्या कॅलेंडरातलं जहाज. माझे जलरंग. आणि मध्ये, सगळ्यात मोठ्या चौकटीत, माझी टाकी — स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते ती समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आणि तिच्या पाइपाला वाळत टाकलेली पिवळी चादर. या घरात आल्यावर काढलेलं पहिलं चित्र. तेव्हा हा म्हणाला होता, "जगात दुसरं काही दिसलं नाही तुला? टाकी?" कितीतरी दिवस मला टाकीवाली बाई म्हणायचा.

एक डाग दिसत नाही आता. आज पहिल्यांदा पॅसेजमधून मान वर करून चालले.

३ फेब्रुवारी

हा घरी आला की बूट काढून, हातातली किल्लीही न ठेवता, भिंतीसमोर उभा राहतो. काल उभा होता, आजही. मी स्वयंपाकघरातून चोरून बघते. सोळा वर्षांच्या मुलीसारखी लाजले, वय काय माझं!

६ फेब्रुवारी

पानांची एक चौकट सकाळी तिरपी होती. सरळ केली.

७ फेब्रुवारी

पुन्हा तिरपी. आणि तिच्या शेजारचीही. मी काही केलं नाही, याने काही केलं नाही. "वाऱ्याने झाली असेल," म्हणतो. पॅसेजमध्ये वारा?

१० फेब्रुवारी

लिहायला लाज वाटते पण लिहिते. भीती वाटते मला. रोज मी सरळ करते आणि रोज कोणीतरी तिरप्या करतं. खालचीच ओळ. जणू कोणी म्हणतंय, ही जागा तुझी नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि पॅसेजचा दिवा मात्र हल्ली मी दिवसासुद्धा लावते.

१२ फेब्रुवारी

भूत सापडलं! दुपारी सासूबाई उठल्या. मी पॅसेजच्या टोकाला गप्प उभी. एक हात भिंतीवर, बोटं चौकटीवरून चौकटीवर — ही संपली, ती आली — आणि पानांच्या चौकटीनंतर वळल्या त्या नेमक्या बाथरूमच्या दारात. मागे चौकटी डुलत राहिल्या.

मला हसू आवरेना. जवळ गेले तर त्या म्हणाल्या, "मध्ये भिंत मुकी झाली होती गं. नुसते खिळे टोचायचे. आता पुन्हा बोलायला लागली."

म्हणजे ते ओरखडे खिळ्यांचे! दीड वर्ष ही बाई खिळे चाचपत चालली आणि अवाक्षर काढलं नाही. याच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

मग, जाता जाता: "तीही अशीच रोज सरळ करायची. पाठोपाठ यायची माझ्या, आवाज न करता. तिला वाटायचं मला कळत नाही."

माझं हसू गेलं. म्हणजे तिच्या खिळ्यांवर माझी चित्रं, आणि तिच्याच हालचालींत माझे हात.

१९ फेब्रुवारी

जहाजाची चौकट पडली. सासूबाईंचा तोल गेला आणि ती हातात आली. त्यांना लागलं नाही, पण घाबरल्या फार. खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, काचा गोळा केल्या.

चौकट उचलली तर मागचा पुठ्ठा निघून आला. जहाज, पुठ्ठा — आणि दोघांच्या मध्ये एक फोटो.

ती. केस ओले, खांद्यावर टॉवेल, ह्याच पॅसेजमध्ये. फोटो काढणाऱ्याला "पुरे आता" म्हणत असणार, कारण हात पुढे केलाय आणि हसतेय. असं मोकळं कोणी कोणाकडे बघून हसतं ते मला कळतं.

सुंदर होती. लिहून टाकते एकदाचं.

"काय गं, गप्प का झालीस?" सासूबाई म्हणाल्या. विचारलं, तुम्हाला माहीत होतं? मागे तिचा फोटो आहे ते? त्या म्हणाल्या, "मला मेलीला काचेपुढचं दिसत नाही, मागचं काय दिसणार?" मग बराच वेळ हात चोळत बसल्या.

मी फ्रेमवाल्याकडून नवी काच आणली, फोटो होता तसा मागे ठेवला, टेप लावली. हा यायच्या आत चौकट भिंतीवर.

२० फेब्रुवारी

कामावर गेले नाही. हा गेल्यावर चौकटी एकेक करून उघडल्या. रुमालामागे ती. पानांमागे ती, दोन्हीकडे. जलरंगांमागे ती — बागेत, पायरीवर, सासूबाईंच्या केसांत कंगवा फिरवताना. त्या दाटीत माझी चित्रं काचेला दाबली गेलीयत. एका पानाचा रंग काचेला लागला, सोडवताना फाटलं.

"ती बाजू मी करतो." हो रे बाबा. केलीस.

मधली मोठी चौकट उघडली नाही. हात गेला आणि परत आला. डागांमध्ये सर्वांत मोठा डाग मधलाच होता ना! तिथे काय असायचं ते सांगायला ज्योतिषी नको. लग्नाचाच असणार. आणि रोज संध्याकाळी हा तिथेच उभा राहतो, किल्ली हातात. मी मूर्ख, पदरात तोंड लपवून लाजत होते.

सगळं होतं तसं बंद करून ठेवलं.

२४ फेब्रुवारी

मेलेल्या माणसाचा मत्सर करू नये म्हणतात. मी करते. राग तिचा नाही, तिने काय केलं माझं? राग याचा. उघड लावले असते फोटो तर मी स्वतः रोज पुसले असते. लपवून ठेवल्यावर माझं काय झालं? मी झाकण झाले. माझं जहाज, माझी पानं, आईचा रुमाल — सगळं तिच्यावरचं झाकण.

जेवताना हा म्हणाला, "बरं नाही का तुला?" म्हटलं, डोकं दुखतंय. बाम आणून दिला. त्याचाही राग आला.

२७ फेब्रुवारी

आज विचारलंच. तो उभा होता, मी हात पुसत मागे गेले. "रोज काय बघतोस रे इथे?"

दचकला. कान लाल झाले. म्हणाला, "टाकी."

"टाकी?"

"हो. टाकी."

आणि किल्ली अडकवून आत गेला. इतकं सरळ तोंड करून खोटं बोलता येतं माणसाला! मी तिथेच उभी राहिले. आत्ता सगळ्या चौकटी आपटून फोडाव्यात असं वाटलं. मग सासूबाईंची काठी वाजली. त्या चाचपत आल्या, त्यांना भिंत लागते. बाजूला झाले.

१ मार्च

बहिणीला सांगितलं. ती आधी शिव्या देऊन मोकळी झाली, मग म्हणाली, "ती मधली एकदा उघड आणि काय ते बघ. नाहीतर जन्मभर तिच्यासमोरून चालशील."

म्हटलं, बघून काय करू? म्हणाली, "मग माझ्याकडे ये. पण बघून ये."

बॅग कपाटावरून खाली काढून ठेवली आहे. अजून रिकामीच.

४ मार्च

हा कामावर. सासूबाई झोपलेल्या. मोठी चौकट उतरवली, पलंगावर पालथी घातली, टेप काढली.

मागे फोटो नाही. पुन्हा पुन्हा चाचपलं, सासूबाईंसारखं. एक पुठ्ठा, आणि माझी टाकी. बाकी सगळ्या चित्रांना ओल लागली, हिला नाही. कडेने चारी बाजूंनी बारीक पट्ट्या घातल्यात, छापखान्यातल्याच पुठ्ठ्याच्या, हाताने कापलेल्या, वाकड्यातिकड्या. मी तर एकही कापली नव्हती. काच चित्राला कुठेही टेकत नाही.

त्या दोघांचा तो मोठा फोटो कुठे आहे, माहीत नाही. इथे नाही.

मागे कोणीच नव्हतं.